पडद्यावरची आई, न पाहिलेली अंबिका

१८ मे २०१७ रोजी रीमा लागू यांचे मुंबईत हृदयविकाराने निधन झाले. त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एकच शब्द पुन्हापुन्हा येत राहिला : आई. सलमानची आई, संजय दत्तची आई, शाहरुखची आई, हिंदी पडद्याची लाडकी आई. शब्द प्रेमाचा होता आणि खोटाही नव्हता. परंतु चार दशकांच्या कारकिर्दीचा हिशेब एका नात्यात मिटवला जातो, तेव्हा त्यातून काहीतरी मोठे वगळले गेले आहे अशी शंका यावी. जे वगळले गेले ते नेमके काय, ते कोणी वगळले, आणि ते वगळले जाण्यात आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांचा व्यवसाय किती भागीदार आहे, याविषयी आमचे मत येथे मांडावयाचे आहे.

आम्ही परभणी जिल्ह्यात मराठी शिकवतो. या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाने रीमा यांना ज्या क्रमाने पाहिले, तो क्रम त्यांच्या कारकिर्दीच्या अगदी उलटा आहे. त्यांचे बळ ज्या रंगभूमीवर घडले, ती आमच्यापर्यंत जवळजवळ आलीच नाही. चित्रपट टॉकीजमध्ये आला, दूरचित्रवाणी घरात आली. नाटक मात्र छापील पुस्तक होऊन ग्रंथालयाच्या कपाटात आले. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखी रीमा म्हणजे 'हम आपके हैं कौन'मधली समंजस आई आणि 'तू तू मैं मैं'मधली खट्याळ सासू. 'पुरुष'मधली अंबिका त्यांनीच उभी केली होती हे वर्गात सांगितले, की विद्यार्थी आधी आश्चर्याने पाहतात आणि मग विचारतात, "सर, ते कुठं बघायला मिळंल?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नसते.

थोडा तपशील येथे नोंदवला पाहिजे. रीमा यांचे मूळ नाव नयन भडभडे. जन्म १९५८चा. आई मंदाकिनी भडभडे या स्वतः रंगभूमीवरच्या अभिनेत्री; 'लेकुरे उदंड झाली' या नाटकातले त्यांचे काम जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. नयन यांनी बालपणीच 'बेबी नयन' या नावाने चित्रपटांतून कामे केली, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण घेतले आणि पुढे मुंबईत युनियन बँकेत नोकरी केली. नोकरी सांभाळून नाटक करणे हा त्या पिढीतल्या मराठी नटनट्यांचा नेहमीचाच मार्ग होता. दिवसा काउंटर आणि रात्री तिसरी घंटा. अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यावर त्या रीमा लागू झाल्या. १९७९च्या 'सिंहासन'मध्ये त्या होत्या, १९८०च्या 'आक्रोश'मध्ये होत्या, १९८१च्या 'कलयुग'मध्येही होत्या. जब्बार पटेल, गोविंद निहलानी आणि श्याम बेनेगल या तीन दिग्दर्शकांच्या चित्रपटांतून जिची सुरुवात झाली, ती अभिनेत्री कुठल्या जातीची होती हे एवढ्यावरून कळावे.

यानंतर १९८८ साली 'कयामत से कयामत तक' आला. त्यात जुही चावलाच्या आईची भूमिका करताना रीमा तीस वर्षांच्याही नव्हत्या. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमान खानच्या आई झाल्या. आई आणि मुलगा यांच्या वयांत सात-आठ वर्षांचे अंतर होते. १९९९च्या 'वास्तव'मध्ये तर ज्याची आई त्यांनी केली, तो संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. हिंदी चित्रपटात हा प्रकार नवा नव्हता. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चन यांची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी वयाने अमिताभ यांच्याहून कितीतरी लहान होत्या. नायकाला वय नसते आणि नायिकेला तिशीनंतर भविष्य नसते, या बाजाराच्या नियमातच ही आई जन्माला येते. ज्या वयात पुरुष नटाची नायक म्हणून उमेदवारी सुरू असते, त्या वयात स्त्रीच्या केसांना पांढरा रंग लावला जातो. गंमत म्हणून आपण ही वयांची बेरीज-वजाबाकी सांगतो आणि पुढे जातो. ती गंमत नाही, ती एका व्यवसायाची रीत आहे.

या संदर्भात १९९४ हे वर्ष आम्हाला फार बोलके वाटते. त्या एका वर्षात रीमा तीन ठिकाणी तीन रूपांत दिसल्या. 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांच्या आई होत्या. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झाली. तिच्यात त्या कोकिळा कुलकर्णी होत्या, जिच्यावर शेजारचा नवरा भाळलेला आहे अशी देखणी, हुशार, हजरजबाबी पत्नी. आणि त्याच वर्षी 'तू तू मैं मैं' सुरू झाली, जी पुढे स्टार प्लसवरून घराघरांत गेली. तिच्यात सुप्रिया पिळगांवकर यांच्या त्या सासू होत्या. एकच स्त्री, वय वर्षे छत्तीस : चित्रपटात दोन लग्नाच्या मुलींची आई, एका मालिकेत शेजाऱ्याच्या स्वप्नातली सुंदरी, दुसरीत सुनेशी झुंजणारी सासू. तिन्ही माध्यमांत तेच शरीर होते, तोच आवाज होता. बदलत होती ती बसण्याची ढब, बोलण्याची लय आणि समोरच्याकडे पाहण्याची तऱ्हा. एवढा पल्ला एका वर्षात दाखवणारी नटी ही 'आई' या एका शब्दात कशी मावेल? पण ती मावली. कारण चित्रपट पुन्हापुन्हा दाखवला गेला आणि मालिका मागे पडल्या.

आईच्या भूमिका म्हणजे दुय्यम काम, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दुर्गा खोटे, ललिता पवार, सुलोचना अशा मराठी अभिनेत्रींची मोठी परंपरा हिंदी चित्रपटातल्या आई-सासूंच्या मागे उभी आहे. सुलोचनाबाईंची आई सोशिक, डोळ्यांत पाणी साठवून आशीर्वाद देणारी. ललिताबाईंची सासू एका कटाक्षात सुनेचा थरकाप उडवणारी. रीमा यांनी या परंपरेत जे केले ते आमच्या मते पुरेसे नोंदवले गेलेले नाही. त्यांनी आईला रडण्यातून सोडवले. त्यांच्या आया मुलांशी बोलतात, थट्टा करतात, मुलाच्या प्रेमप्रकरणाची बातमी लागल्यावर देवापुढे डोके आपटण्याऐवजी गालात हसतात. 'हम आपके हैं कौन'मध्ये विहीण म्हणून आलोकनाथांच्या व्याह्याशी चालणारी त्यांची थट्टामस्करी पाहावी. मध्यमवयीन विवाहित स्त्रीलाही मन आहे, विनोदबुद्धी आहे, थोडे नटणे-मुरडणे आहे, हे त्या कुठेही मर्यादा न सोडता दाखवतात. आमच्या गावाकडच्या लग्नांत विहिणींना जी थोडीशी मोकळीक परंपरेने दिलेली असते, तिचीच ती शहरी, रेशमी आवृत्ती होती. म्हणूनच ती परभणीच्या टॉकीजमध्ये बसलेल्या बायकांना परकी वाटली नाही.

'वास्तव'मधली आई त्याहून अवघड. ती चाळीतली मराठी आई आहे. मुलगा गुंड झाला आहे हे तिला ठाऊक आहे, आणि तो आपला मुलगा आहे हेही ती विसरू शकत नाही. सोन्याने मढून घरी आलेल्या मुलाकडे पाहताना रीमा यांच्या चेहऱ्यावर अभिमान, भीती आणि किळस एकाच वेळी उमटतात, आणि यांतले कुठले पुढे करावे हे त्या ठरवत नाहीत. ते त्या प्रेक्षकावर सोपवतात. अखेरीस मुलाला त्याच्या यातनांतून सोडवण्यासाठी ती स्वतःच त्याच्यावर गोळी झाडते. १९५७च्या 'मदर इंडिया'तल्या आईनेही मुलावर गोळी झाडली होती. पण तिथे गावाची अब्रू राखण्याचा ताठा होता. येथे कसलाच ताठा नाही. थकून गेलेल्या घरातले हे शेवटचे काम आहे. हे संयमाचे काम कॅमेऱ्यापुढे जन्मत नाही. मागे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आपली शांतता पोहोचवण्याची सवय असावी लागते. ती सवय रीमा यांना कुठे लागली, या प्रश्नापाशी आपण रंगभूमीवर येतो.

जयवंत दळवींचे 'पुरुष' १९८०च्या दशकाच्या आरंभी विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. नाना पाटेकर गुलाबराव, रीमा अंबिका. ध्येयवादी बापाच्या संस्कारांत वाढलेली सुशिक्षित मुलगी एका सत्तावान राजकारण्याच्या वासनेची बळी ठरते; कायदा, समाज आणि प्रियकरही तिला पुरे पडत नाहीत; अखेर ती आपला न्याय आपल्या हाताने घेते. हे नाटक आम्ही वर्गात शिकवले आहे. त्याच्या शेवटावर दरवेळी वाद होतो. मुले म्हणतात, हे अति झाले. मुली बराच वेळ गप्प राहतात आणि मग एखादी म्हणते, "दुसरं काय करायला पाहिजे होतं तिनं?" वाद रंगतो, तास संपतो, आणि उत्तरपत्रिकेत मात्र 'स्त्रीवरील अत्याचाराचे प्रभावी चित्रण' हे ठरलेले वाक्य येते.

याचे कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नाही. संहितेला जे सांगता येत नाही, ते सांगणारी नटी त्यांच्यापुढे नाही, हे खरे कारण आहे. शेवटच्या प्रवेशातली अंबिका सूडाने पेटलेली आहे की आतून विझून गेली आहे? ती स्वतःला जिंकलेली मानते का? त्या क्षणी तिचा आवाज चढलेला असावा की सपाट? छापील पानावर या प्रश्नांची उत्तरे नसतात. ती नटीच्या पाठीच्या कण्यात असतात, तिच्या श्वासात असतात, ती वाक्याआधी किती थांबते यात असतात. दळवींनी अंबिका लिहिली. पण ती काय आहे, याचा निर्णय दर प्रयोगाला रीमा घेत होत्या. हा निर्णय वगळून आपण 'पुरुष' शिकवतो, तेव्हा आपण अर्धे नाटक शिकवतो. ते पूर्ण असल्याचा आव मात्र आणतो.

दुसरे उदाहरण शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे'चे. १९८५च्या सुमारास आलेल्या या नाटकात रीमा यांनी संसारी, आजारी कुसुम आणि तिचा ताबा घेणारी सविता अशी दोन अस्तित्वे एकाच देहातून दाखवली. रंगमंचावर अशा पालटासाठी कुठलीही सोय नसते. चेहऱ्याचा जवळून घेतलेला छायांकित तुकडा नसतो, संकलकाची कात्री नसते. प्रेक्षकांच्या देखत, त्याच साडीत, त्याच प्रकाशात एक बाई दुसरी व्हावी लागते. २०१८ साली, म्हणजे रीमा यांच्या निधनानंतरच्या वर्षी, याच नाटकावर याच नावाचा मराठी चित्रपट आला. तो आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर पाहिला. आता त्यांच्या लेखी सविता म्हणजे तो चित्रपट. चित्रपटातल्या कलावंतांचा यात काही दोष नाही. पण गोष्ट टिकली आणि जिच्या अंगातून ती प्रथम बोलली तिचे काम पुसले गेले, हे आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे.

रत्नाकर मतकरींच्या 'घर तिघांचं हवं'चेही तेच. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्यावरचे हे नाटक. त्यात रीमा यांनी जगाच्या मुलांसाठी झटताना स्वतःच्या घराचा हिशेब चुकत गेलेली आई उभी केली. पाहा, येथेही आईच आहे. पण ही आई कुणा नायकाच्या मागे उभी नाही. ती स्वतःच नाटकाचा विषय आहे. तिला चुकण्याचा, निवडण्याचा आणि निवडीची किंमत मोजण्याचा अधिकार आहे. हिंदी पडद्यावरच्या आईला जो अधिकार क्वचितच मिळाला, तो मराठी रंगभूमीने रीमा यांना पूर्वीच दिलेला होता. म्हणून त्यांची 'आई' समजून घ्यायची असेल, तरीही सुरुवात नाटकापासूनच करावी लागते.

आता प्रश्न असा, की ही नाटके आमच्यापर्यंत का पोहोचली नाहीत. परभणी मुंबईपासून सुमारे पाचशे किलोमीटर. देवगिरी किंवा नंदिग्राम एक्सप्रेसने निघाले तर रात्र गाडीत जाते. नाटकाला नटांबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना आणि पडद्यामागची माणसे आणावी लागतात. एका प्रयोगासाठी येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात, आणि तिकिटाचा दर गावाच्या ऐपतीपलीकडे नेता येत नाही. व्यावसायिक नाटकाची बस पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर करते. मराठवाड्यात आलीच तर मोठ्या शहरांपाशी थांबते. सेलू, गंगाखेड, जिंतूर, पाथरी ही नावे तिच्या फळ्यावर क्वचितच येतात. १९९९ नंतर खासगी मराठी वाहिन्या सुरू झाल्या आणि नटांच्या तारखा चित्रीकरणात अडकल्या, तेव्हा दूरचे दौरे आणखी अवघड झाले. ज्या दूरचित्रवाणीने रीमा यांना आमच्या घरात आणले, तिनेच नाटक आमच्या गावापासून आणखी दूर नेले. या व्यवहारात आम्हाला काय मिळाले हे सर्वांना दिसते. काय गेले हे दिसत नाही, कारण ते आम्ही कधी पाहिलेलेच नव्हते.

यावर रंगभूमीचे जाणकार एक ठरलेले उत्तर देतात. नाटक ही क्षणभंगुर कला आहे. प्रयोग संपला की तो हवेत विरतो, आणि हेच त्याचे सौंदर्य आहे. हे वाक्य आम्हीही कधीकाळी भक्तिभावाने वहीत उतरवून घेतले आहे. आज मात्र ते आम्हाला अपुरे वाटते. क्षण विरून जाण्यातले सौंदर्य ज्याने तो क्षण पाहिला त्याच्यासाठी. दादर, विलेपार्ले किंवा पुण्याच्या टिळक रस्त्यावर राहणाऱ्याला ही हळहळ परवडते. त्याने एक प्रयोग चुकवला तर पुढच्या शनिवारी दुसरा असतो. ज्याच्या वाट्याला क्षणच आला नाही, त्याला क्षणभंगुरतेचे तत्त्वज्ञान ऐकवणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे महत्त्व पटवून देण्यासारखे आहे. चित्रीकरण म्हणजे प्रयोग नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण काहीच नसण्यापेक्षा ते किती तरी अधिक आहे. दूरदर्शनने काही नाटके चित्रित केली, पुढे व्हीसीडीच्या काळात काही नाटके बाजारात आली; परंतु त्यांतली निवड बहुधा खपाच्या दृष्टीने, हलक्याफुलक्या विनोदाकडे झुकलेली होती. पुढच्या पिढ्यांना अभ्यासासाठी काय लागेल, याचा विचार कोणी करायचा हे कधी ठरलेच नाही.

तथापि सगळा दोष अंतरावर आणि बाजारावर टाकून मोकळे होता येणार नाही. चित्रीकरण नव्हते तेव्हाही मराठीत नट जिवंत राहिले आहेत, ते लेखणीमुळे. आगरकरांनी केलेल्या 'हॅम्लेट'च्या भाषांतरातले गणपतराव जोशी आज कोणीही पाहिलेले नाहीत; बालगंधर्वांची पल्लेदार पदे ध्वनिमुद्रिकांत काही मिनिटांपुरती उरली आहेत. तरीही ते कसे प्रवेश करीत, शालू कसा सावरीत, प्रेक्षागृहावर कशी मोहिनी पडे हे आम्ही सांगू शकतो, कारण पाहणाऱ्यांनी ते आवडीने, तपशिलाने लिहून ठेवले. स्वातंत्र्यानंतरच्या मराठी समीक्षेने नाटककाराला सिंहासनावर बसवले, नंतर दिग्दर्शकाला त्याच्या शेजारी जागा दिली, आणि नटीसाठी दोन शब्द राखून ठेवले : 'समरसून' आणि 'सहजसुंदर'. कुठल्याही जुन्या नाट्यपरीक्षणाचा शेवटचा परिच्छेद काढून पाहावा. नटीचे काम तिथे एका ओळीत उरकलेले आढळेल. म्हणूनच मराठी अभिनेत्रींच्या कामाविषयी जे मोलाचे लेखन आहे, त्यातले पुष्कळसे त्यांनी स्वतःच केलेले आहे. दुर्गाबाई खोट्यांचे आत्मचरित्र, हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', विजयाबाईंचे 'झिम्मा' ही पुस्तके नसती, तर आपल्याजवळ काय उरले असते? ज्या अभिनेत्रीने लिहिले नाही, तिचे काम इतरांच्या 'समरसून'खाली गाडले गेले.

आमच्या एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'पुरुष' पुण्यात पाहिले होते. त्यांना त्याविषयी विचारले, की कथानक ते दोन वाक्यांत संपवीत आणि मग खुर्चीतून उठत. अंबिका शेवटी कशी उभी राहते हे दाखवायला जात, थांबत, खांदे थोडे सैल सोडून पुन्हा प्रयत्न करीत, आणि हसून म्हणत, "असं नाही; पण असंच काहीतरी." सर अभिनेते नव्हते. त्यांच्या त्या फसलेल्या प्रयत्नातून आम्हाला जेवढे 'पुरुष' कळले, तेवढे तीन संदर्भग्रंथांतून कळले नव्हते. कुणीतरी पाहिले होते, आणि पाहिलेले त्यांच्या अंगात वर्षानुवर्षे राहिले होते, एवढी गोष्ट त्यातून निर्विवाद सिद्ध होत होती.

हा केवळ स्मरणरंजनाचा प्रश्न असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. प्रश्न आमच्या वर्गातल्या मुलींचा आहे. अलीकडे परभणीच्या मुलांना नाट्य-चित्रपटाचे दार बंद वाटत नाही. संकर्षण कऱ्हाडे हे परभणीचे नाव मालिकांतून आणि नाटकांतून महाराष्ट्रभर झाले, याचा येथे अभिमान आहे. त्यापूर्वी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'जिगीषा'ची मंडळी मुंबईला गेली आणि प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'ने १९९१ साली स्त्रीच्या निवडीचा प्रश्न रंगमंचावर रोखठोक मांडला. म्हणजे मराठवाड्याला रंगभूमीचे वावडे नाही. पण मुंबईचे पाचशे किलोमीटर मुलासाठी जितके असतात, त्याहून मुलीसाठी अधिक असतात. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात उत्तम काम करणारी मुलगी पुढच्या वर्षी लग्न होऊन जाते, आणि तिच्या घरच्यांना आम्ही काही सांगू पाहिले, तर ते विचारतात, "नाटकात जाऊन होणार काय तिचं?" त्यांना ठाऊक असलेले उत्तर पडद्यावरचे आहे : आधी काही वर्षे नायिका, मग आई, मग सासू. एखादी बाई बँकेत नोकरी करीत रोज संध्याकाळी अंबिका होऊ शकते, तिशीत आई झाल्यावरही छत्तिसाव्या वर्षी तीन तऱ्हांनी जगू शकते, पन्नाशीनंतर 'तुझं माझं जमेना'सारख्या मराठी मालिकेत पुन्हा नव्याने हसवू शकते, २०१५च्या 'कट्यार काळजात घुसली'त पडद्यावर न दिसता कट्यारीचा आवाज होऊन सबंध गोष्ट सांगू शकते, आणि मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत 'नामकरण' मालिकेत ममतेचा लवलेश नसलेली करारी स्त्री रंगवू शकते, हे उत्तर त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवलेच नाही. अभिनय हे बुद्धीने, कष्टाने आणि दीर्घकाळ करावयाचे काम आहे, हे सांगायला आमच्याजवळ पुरावा हवा आहे. 'लाडकी आई' हा तो पुरावा नव्हे.

मग करावे काय? भव्य संग्रहालयाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी आजही शक्य आहेत. पहिली, नाट्यनिर्मात्यांनी गंभीर नाटकाचा निदान एक प्रयोग एका स्थिर कॅमेऱ्याने पूर्ण चित्रित करून तो विक्रीसाठी नव्हे, तर अध्यापनासाठी राज्यातल्या विद्यापीठांकडे द्यावा. खर्च फार नाही. कलावंतांच्या आणि लेखकाच्या हक्कांचा प्रश्न करार करून सुटू शकतो. दुसरी, पदव्युत्तर वर्गात नाटक शिकवताना संहितेबरोबर एका भूमिकेचा आणि ती करणाऱ्या कलावंताचा अभ्यास सक्तीचा असावा; 'अंबिकेचे स्वभावचित्र लिहा' या प्रश्नाऐवजी 'शेवटच्या प्रवेशात अंबिका कशी उभी राहील, आणि का' असा प्रश्न एकदा विचारून पाहावा. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत तातडीची. 'पुरुष' किंवा 'सविता दामोदर परांजपे' ज्यांनी विशी-पंचविशीत पाहिले, ते प्रेक्षक आज साठी-पासष्टीच्या घरात आहेत. गावोगाव ते आहेत : निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, बदलीच्या नोकरीत पुणे-मुंबई करून परतलेली माणसे आणि त्यांच्या पत्नी. त्यांना वर्गात बोलवावे, काय पाहिले ते विचारावे, आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्यांना कथानक विचारू नये. ते पुस्तकात आहे. बाई कशी बोलत होती, कुठे थांबत होती, कधी अंगावर काटा आला, हे विचारावे.

आम्ही आमच्या विभागापुरती ही तिसरी गोष्ट पुढच्या सत्रापासून करायचे ठरवले आहे. ज्या वाचकांनी रीमा यांना रंगमंचावर पाहिले असेल, त्यांना विनंती एवढीच, की आठवणी लिहिताना त्या किती साध्या होत्या, किती प्रेमळ होत्या यावर थांबू नये. ते सर्वांना ठाऊक आहे. त्या काम कसे करीत होत्या, ते लिहावे.